थांबती का ते सांग

बाबालाल मिस्त्री आमच्याकडे पाठ करून रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि मी ज्या ट्रेलरच्या केबिनमध्ये बसले होते, तो त्यांच्या अंगावर चालला होता. ते शेंगदाणे खात होते. तळहातावर दाणे चोळायचे, फुंकर मारून सालं उडवायचे आणि एकेक दाणा तोंडात टाकायचे. स्टिअरिंगवर माझे पती अशोक होते. मी त्यांचा दंड धरला आणि किंचाळले. मग हवा सुटल्याचा मोठा फुस्स आवाज झाला, माझं कपाळ समोरच्या काचेला जाऊन टेकलं, आणि गाडी थांबली. गाडीचं तोंड आणि मिस्त्रींची पाठ यांच्यात एक बैलगाडी आडवी बसेल एवढी जागा उरली होती. त्यांनी उरलेले दाणे खिशात टाकले, सावकाश मागच्या चाकांपर्यंत गेले, हात लावून तापमान बघून आले आणि खिडकीखाली उभं राहून मला म्हणाले,

"बाई, वरडला कशापायी? ब्रेक काय तुमच्या घशात हाय?"

मी कपाळ चोळत खाली उतरले.

मी हातकणंगल्याच्या शाळेत शिकवते. अशोकनी वीस वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या आणि मग स्वतःची घेतली. वापरलेला ट्रेलर, नऊ वर्षांचा, दुसऱ्या राज्यातून आलेला. पुढच्या इंजिनाच्या भागाला हे लोक घोडा म्हणतात. मागे लांबलचक ट्रॉली. डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग होता त्याचा, आरशासारखा चकचकीत. शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग भरायचं, मलकापूरवरून आंबा घाट उतरायचा आणि बंदरावर खाली करायचं, हा त्यांचा धंदा. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आमची दहावीतली मुलगी दोघी केबिनमध्ये बसून त्यांच्याबरोबर गेलो होतो. घाटात धुकं होतं. मुलगी खिडकीतून हात बाहेर काढून धुकं पकडत होती.

जुन्या गाडीचं दर वर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करून घ्यावं लागतं, आणि पासिंगला नेण्याआधी तिचं वर्षाचं काम. कुणीतरी बाबालाल मिस्त्रींचं नाव सांगितलं म्हणून मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो. हमरस्त्याच्या मागच्या बाजूला चार पत्रे आणि दोन खड्डे, एवढंच त्यांचं गॅरेज. मिस्त्री बुटके, खांदे मात्र पैलवानाचे. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भुवया जागोजागी जळून तुटक झालेल्या, त्यामुळे चेहरा कायम अर्धवट पुसल्यासारखा दिसायचा. आवाज असा, की शेजारच्या माणसाशी बोलले तरी हमरस्त्यावरच्या माणसानं वळून बघावं.

अशोक म्हणाले, "मिस्त्री, गाडी झकास पळतीया. नुसतं ऑइल बदला, ग्रीस मारा आणि दोन दिवसांत सोडा."

"पळती ते दिसतंय की," मिस्त्री म्हणाले. "थांबती का ते सांग."

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. कोणतीही गाडी येऊ दे, मालक केवढाही असू दे, पहिल्यांदा हेच.

मग ते हातोडी घेऊन गाडीखाली गेले. चेसिसच्या लांब लोखंडी पट्टीवर टक्‌ टक्‌ करत निघाले. एका जागी थांबले, दोन बोटं मागं आले, पुन्हा टक्‌. कानस घेऊन तिथला रंग खरवडला. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई मास्तरीन हायसा न्हवं? पर्समधी खडू आसंल." खरंच होता. त्यांनी त्या जागी रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं, माझा खडू कुस्करून त्याची भुकटी वर फासली आणि म्हणाले, "आता च्या घ्या."

आम्ही चहा घेतला. दहा मिनिटांनी त्यांनी हाक मारली. पांढऱ्या भुकटीतून एक रेघ उमटली होती. आधी केसासारखी, मग बघता बघता जाड, ओली, काळपट. माझ्या वितीपेक्षा लांब. चीर होती ती. कुणीतरी तिच्यात रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, वरून डाळिंबी रंग मारला होता.

अशोक टायरवर बसले. मग म्हणाले, "मी पोरीला घिऊन गेलतो ह्यातनं."

"गेलतास आनि आलास," मिस्त्री म्हणाले. "आता न्हाय जायाचं. आठ दिस गाडी हितं ऱ्हाईल. आनि आयक, जुनी गाडी खोटं बोलत न्हाय. जुना मालक बोलतोय."

मला त्या रात्री झोप लागली नाही. डोळे मिटले की धुक्यात बाहेर काढलेला तो हात दिसायचा.

आठ दिवसांत त्यांनी गाडी सोलून काढली. सगळी चाकं उघडली, बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, ब्रेकचे लायनर बदलले, स्प्रिंगचे पाटे उतरवून एकेक पान तपासलं, हवेचे पाइप साबणाच्या पाण्यानं बघितले. चिरेचा तुकडा कापून तिथं नवीन लोखंड जोडलं आणि तो कापलेला तुकडा अशोकच्या हातात दिला. "घरात ठेव. जेवाय बसतोस तितं. रोज दिसाय पायजे." आमच्याकडे तो अजून आहे.

आणि आठव्या दिवशी, कास्टिंग भरून गाडी उभी राहिल्यावर, ती परीक्षा. गॅरेजमागं कुणाची ये-जा नसलेला एक उताराचा रस्ता होता. त्यावर त्यांनी चुन्याचा आडवा पट्टा ओढला होता. "काटा चाळीसवर आला की हार्न मार, पट्ट्यावर ब्रेक दाब. मालक आत पायजे. घरचं मानूस आसंल तर लईच चांगलं." एवढं सांगून ते पट्ट्याच्या पुढं जाऊन, पाठ करून उभे राहिले. पुढचं मी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं. मला वाटलं, या माणसाच्या मागं काहीतरी घडलेलं असणार. भाऊ, मुलगा, कुणीतरी.

"मिस्त्री, ब्रेक फेल होऊन तुमच्या घरातलं कुणी गेलंय का?"

ते चकित झाले. "न्हाई बा. आमच्यातले समदे अंथरुनावर मेले."

"मग हे असं उभं राहायचं कशाला?"

"मला गाडी कुटं चालवाय येती?"

आता चकित व्हायची पाळी माझी होती. चाळीस वर्षं ट्रकच्या पोटात घालवलेल्या माणसाला साधी मोटारसायकल चालवता येत नव्हती. लहानपणी एकदा सायकलवरून थेट विहिरीच्या काठावर गेले होते, आत पडता पडता वाचले, तेव्हापासून चाकावर बसायचीच भीती. घरून गॅरेजपर्यंत चालत यायचे, चालत जायचे. "आचारी भाजी खाऊन बगतोय," ते म्हणाले. "मला आत बसून काय बी कळत न्हाय. मग मी भाईर हुबा ऱ्हातो. तोंड करून हुबा ऱ्हायलो तर भ्या वाटतंय, म्हनून पाठ."

इतकं साधं होतं ते. आणि इतकं भयंकर.

मिस्त्रींकडे चार ट्रेलरचे मालक असलेले एक गृहस्थ यायचे. मृदू बोलणारे, पांढरी टोपी, ड्रायव्हरच्या पोरांना खाऊ आणणारे. एकदा आम्ही तिथं असताना त्यांनी सांगितलं, "मिस्त्री, लायनर अजून सहा महिने चालतील की. नुसते घासून बसवा, पासिंगपुरते."

"बशिवतो," मिस्त्री म्हणाले. "मग तुमी माज्या शेजारी हुबं ऱ्हावा."

"कुठं?"

"पट्ट्याच्या म्होरं. मी एक बाजूला, तुमी एक बाजूला. पाठ करून."

ते गृहस्थ हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की मिस्त्री हसत नाहीत. "अहो, काय बोलता मिस्त्री? मला नातवंडं आहेत."

"डायवरला बी हाईत."

खड्ड्यात काम करणारा माणूस डोकं वर काढून बघत राहिला. त्या गृहस्थांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ते तडक निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या चारी गाड्या तिथून हलल्या. समोरच्या बाजूला अण्णाप्पा म्हणून दुसरे मिस्त्री होते, त्यांच्याकडे गेल्या. बाबालाल मिस्त्री अण्णाप्पांना रोज शिव्या घालायचे. त्या दिवशी मात्र नुसते रस्त्यापलीकडं बघत म्हणाले, "घासून बशिवलं तर आन्नाप्पाच्या हाताला कीड पडंल." दोन दिवसांनी कळलं, अण्णाप्पांनीही नवीनच लायनर बसवले होते. हे कळल्यावर मिस्त्री खूश झाले आणि पुन्हा शिव्या द्यायला लागले.

त्यानंतरच्या वर्षी अशोकना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं महिनाभरात परत आलं, पण पाय ओढत चालायचे. नातेवाईक येत, म्हणत, "होशील बरा, दिवाळीपर्यंत गाडीवर बसशील." मीही तेच म्हणत होते. डॉक्टरसुद्धा गोल बोलायचे. ट्रेलर दारासमोरच्या मोकळ्या जागेत उभा होता आणि अशोक दिवसभर खिडकीतून त्याच्याकडे बघत बसायचे.

एका रविवारी बाबालाल मिस्त्री आले. एसटीनं आले होते. पेरू आणले होते. बसले, पाणी प्यायले, आणि काही विचारपूस न करता जमिनीवर अशोकच्या पायाशी बसून त्यांनी स्वतःचा तळहात फरशीवर उभा धरला.

"दाब."

"काय?"

"ब्रेक हाय आसं समज. उजव्या पायानं दाब."

अशोकनी पाय उचलून त्यांच्या तळहाताला लावला आणि दाबला. त्यांच्या कपाळावर शीर उठली. मिस्त्रींचा हात हलला नाही.

"आजून."

पुन्हा तेच.

"न्हाय दाबत," मिस्त्री म्हणाले. "दाबंल आसं बी मला वाटत न्हाय. अशोक, तू आता गाडी चालवायची न्हाय. ह्या वरसाला न्हाय आनि म्होरल्या बी न्हाय."

माझ्या हातातला चहाचा कप निसटला आणि फुटला. असं कुणी आजारी माणसाच्या तोंडावर बोलतं? मी त्यांना घराबाहेर व्हा म्हणणार होते. पण अशोक रडायला लागले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. हुंदके देऊन, लहान मुलासारखे. मिस्त्री त्यांचा तो पाय मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्या दिवसानंतर अशोक खिडकीत बसायचे बंद झाले. आठवडाभरात त्यांनी तानाजी नावाचा ड्रायव्हर शोधला, भाडी फोनवरून ठरवायला लागले, डाव्या हातानं लिहायला शिकले. मी आजही सांगू शकत नाही, की त्या रविवारी मिस्त्रींनी केलं ते बरोबर होतं. एवढं खरं, की आम्ही सगळे जे पाच महिने करत होतो, त्यानं काही झालं नव्हतं.

मालक आत पाहिजे, हा नियम होता. म्हणून त्यापुढं दर मे महिन्यात केबिनमध्ये तानाजीच्या शेजारी मी बसायची. पाच वर्षं. किंचाळायची थांबले, पण सवय कधी झाली नाही. गाडी उताराला लागली, की त्या रुंद पाठीकडे बघताना माझा पाय दर वेळी नसलेला ब्रेक दाबायचा.

गेल्या मे महिन्यात मिस्त्री मला जरा थकल्यासारखे वाटले. दोनदा त्यांनी मला विचारलं, मुलगी कितवीला आहे. तिचं लग्न झालं होतं आणि त्या लग्नात मिस्त्री जेवायला आले होते. वय झालं, असं मी मनात म्हटलं. काम मात्र नेहमीसारखंच चाललं होतं.

परीक्षेच्या दिवशी ऊन कडक होतं. तानाजीनं गाडी उताराला लावली. काटा चाळीसवर आला, हॉर्न वाजला. मिस्त्रींनी पाठ केली होती आणि दाण्यांसाठी खिशात हात घातला होता. हात बाहेर आला, तळहात उघडला, आणि ते त्या तळहाताकडे बघत राहिले.

मग ते वळले.

सहा वर्षांत त्या जागी मी त्यांचं तोंड कधी बघितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले. शब्द कळले नाहीत. तानाजीनं पट्ट्याच्या कितीतरी अलीकडं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"इंजन बंद कर! बाई, उतरा खाली!"

मी उतरले. त्यांनी हात पुढं केला. दाण्यांच्या सालांमध्ये एक नवी कोरी स्प्लिट पिन होती. चाकाच्या मध्यभागी जो मोठा नट असतो, तो फिरून सैल होऊ नये म्हणून त्यात ही बोटाएवढी पिन अडकवतात. ती नसली, तर नट हळूहळू सुटतो आणि एक दिवस चाकच निघून जातं.

"ही कुटली हाय, तानाजी?"

"मला काय म्हाईत मिस्त्री? उरलेली आसंल."

"मी मोजून घेतो. उरत न्हाय."

त्यांनी रस्त्यावरच पान्हा मागवला आणि ट्रॉलीच्या चाकांची मधली टोपणं एकेक करून काढली. पहिल्या पाच चाकांत पिन होती. शेवटच्या धुरेच्या उजव्या चाकात नव्हती. नटाच्या खाचेत नुसतं ग्रीस भरलेलं होतं, स्वच्छ, नवीन, त्यांच्याच हातानं भरलेलं. तानाजी दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं आंबा घाट उतरणार होता.

मी रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. तानाजी दोन पावलं मागं सरकला. मिस्त्री पिनेच्या त्या रिकाम्या भोकाकडे बघत म्हणाले, "मला आठवना. ग्रीस भरलेलं आठवतंय. नट आवळलेला आठवतोय. त्याच्या म्होरलं न्हायच."

मग ते उठले आणि जवळजवळ पळतच गॅरेजात गेले. पत्र्याच्या खांबावर त्यांनी मालकांचे फोन नंबर रंगानं लिहून ठेवले होते. त्या महिन्यात त्यांच्या हातून पाच गाड्या गेल्या होत्या, आमची सहावी. त्यांनी एकेका मालकाला फोन लावला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, त्याच मोठ्या आवाजात, आजूबाजूची सगळी माणसं ऐकत असताना.

"मी बाबालाल बोलतोय. माज्या हातनं चूक झाली आसंल. गाडी हाय तितंच थांबीव आनि चाकं उघडून बग. दुसऱ्या मिस्त्रीकडनं. माज्याकडनं न्हाय."

असं चार वेळा. चाळीस वर्षांचं नाव त्यांनी पंधरा मिनिटांत स्वतःच्या तोंडानं मोडून टाकलं. मी तिथं उभी राहून ऐकत होते आणि मला त्यांचा हात धरून फोन खाली ठेवावा, असं वाटत होतं.

पाचव्या गाडीचा मालक म्हणाला, गाडी सकाळीच माल भरून बंदराकडं गेली, ड्रायव्हरचा फोन लागत नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "घाटाच्या अलीकडं गावली पायजे."

शेजारच्या टायरवाल्याची जीप घेतली. तानाजी चालवत होता, मिस्त्री त्याच्या शेजारी, मी मागं. स्वतःहून गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. एका हातानं दरवाजाची कडी, दुसऱ्या हातानं पान्हा. बांबवडे मागं पडलं, मलकापूर मागं पडलं. मिस्त्री डोळे मिटून त्या पाचव्या गाडीचं काम बोटांवर मोजत होते.

"मागलं डावं चाक. बेरिंग धुतलं. बेरिंग बशिवलं. ग्रीस भरलं. नट आवळला. आनि मग... मग काय केलं रं तानाजी?"

तानाजी काय सांगणार? मिस्त्री पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. बेरिंग धुतलं, बेरिंग बशिवलं. त्याच जागी येऊन अडायचे. तो एवढा मोठा आवाज बारीक होत होत पुटपुटण्यावर आला.

मलकापूरच्या पुढं एकदा ते आपणहून म्हणाले, "बाई, घरात कळलं हुतं. पाडव्याच्या आधीच. गल्ली चुकलो दोनदा. बायकू म्हनली, काम सोडा. मी म्हनलं, हाताला समदं येतंय, डोक्याचं काय घिऊन बसलीस?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. दोन महिने माहीत होतं, आणि तरी ते लोकांची चाकं बसवत होते. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, आधी विश्वासच बसला नाही. मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. जणू दुसराच कुणी माणूस पुढं बसला होता.

आंबा गावात, घाट सुरू व्हायच्या आधी, एका खानावळीसमोर तो ट्रेलर उभा होता. जीप पुरती थांबायच्या आत मिस्त्री उतरले, पडले, उठले आणि सरळ चाकांशी गेले. ड्रायव्हर उष्ट्या हातानं धावत बाहेर आला. मिस्त्रींनी पहिलं टोपण काढलं. पिन होती. दुसरं. होती. सहाच्या सहा चाकांत पिना होत्या, नीट दुमडलेल्या, जागच्या जागी. प्रत्येक पिनेला त्यांनी बोट लावून बघितलं.

"म्हाताऱ्या, येडा झालास काय?" ड्रायव्हर भडकला. "भरल्या ताटावरनं उठीवलंस मला!"

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "येडा झालोय."

अगदी सरळ म्हणाले, कुणी गाव विचारल्यावर सांगावं तसं. त्या ड्रायव्हरचा चेहरा उतरला. काय बोलून बसलो, हे त्याला कळलं असावं. मिस्त्रींनी पान्हा तानाजीच्या हातात दिला. "टोपनं तू लाव. मी हात लावत न्हाय." आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आमच्याबरोबर रस्ता ओलांडून अण्णाप्पांकडे आले. वीस वर्षांत त्यांनी तो रस्ता ओलांडला नव्हता. म्हणाले, "आन्नाप्पा, ह्या बाईंची गाडी पैल्यापास्नं बग. मी केलेलं समदं खोटं समज." अण्णाप्पांना बातमी कळली होतीच. त्यांनी आत जाऊन त्यांची स्वतःची खुर्ची आणली, फडक्यानं पुसली आणि बाबालाल मिस्त्रींसमोर ठेवली. मिस्त्री बसले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले आणि चालत घरी गेले. ते गॅरेज पुन्हा उघडलं नाही.

अशोकना मी सगळं सांगितलं तेव्हा ते संतापले. "मला पाय दाबाय लावला हुता. माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर. आणि स्वतःचं दोन महिनं लपवून ठेवलं? तानाजी मेला असता!" महिनाभर त्यांनी मिस्त्रींचं नाव घेऊ दिलं नाही. मी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही, कारण ते म्हणत होते त्यातलं एक अक्षरही चूक नव्हतं. मग एका सकाळी काठी घेऊन, मला न सांगता, एसटीनं त्यांच्याकडे जाऊन आले. संध्याकाळी परतले, तेव्हा पिशवीत दोन भाकऱ्या आणि खरडा होता, मिस्त्रींच्या बायकोनं दिलेला. काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. जेवताना फक्त म्हणाले, "त्यानं मला वळखलं."

दसरा झाल्यावर एके दिवशी शाळेच्या कामाला मी कोल्हापुरात गेले होते. परत येताना स्टँडवर बाबालाल मिस्त्री दिसले. स्वच्छ पांढरा सदरा घातलेला, दाढी नीट कातरलेली, भुवया पहिल्यांदाच पूर्ण उगवलेल्या. त्या भुवयांमुळे मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. शेजारी त्यांची बायको, पायाशी दोन गाठोडी. मुलगी चंदगडला दिलेली होती, तिच्याकडे राहायला निघाले होते. बायकोनं त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं.

मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि बाकावर सरकून जागा केली.

"बसा की पावणं. किती येळ हुबं ऱ्हानार?"

"आवो, बाई हाईत त्या," त्यांची बायको घाईघाईनं म्हणाली. "हातकनंगल्याच्या. गाडीवाल्या."

"बाई व्हय?" ते आदरानं म्हणाले. "कुटल्या शाळंत?"

मी त्यांच्या बायकोकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. मी बसले आणि त्यांना शाळेचं नाव सांगितलं.

"किती पोरं हाईत वर्गात?"

"बेचाळीस."

"आगं आगं! मग ध्येन कसं ऱ्हातंय समद्यांकडं?" त्यांना खरोखर काळजी वाटत होती. मग त्यांनी विचारलं, मी राहते कुठं, घरचे काय करतात, मुलगी कुठं दिली. मी एकेक सांगत गेले. आमची ट्रेलरची गाडी आहे, असंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "मोठी गाडी. बरं हाय," म्हणाले, आणि चंदगडला पाऊस लई असतो, काजूच्या बागा आहेत, जावई चांगला आहे, हे सांगायला लागले. आवाज तसाच होता. पलीकडच्या फलाटावरची माणसं वळून बघत होती.

चंदगडची गाडी लागली. बायकोनं आधी गाठोडी चढवली, मग त्यांना. त्यांना खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी मागं सरकायला लागली, तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाई!" ते ओरडले. ओळखलं, असं मला वाटलं. मी पुढं धावले.

"तुमचं नाव इचारायचं ऱ्हायलं की!"

मी नाव सांगितलं. गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडून सांगितलं. ते हसले, हात हलवला, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.